शेपूट दिसत नव्हतं

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. आईला नाही. जिला मी घरातली बारीकसारीक भांडणंसुद्धा रंगवून सांगते, त्या मैत्रिणीलाही नाही. पाच वर्षं झाली. आणि मी काही मनात गोष्टी ठेवणाऱ्यांतली नाही — माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं आई लहानपणापासून म्हणत आली आहे. मग ही एकच गोष्ट इतकी वर्षं कशी राहिली? राहिली, कारण ती सांगितली तर माझ्याबद्दल लोक जे चांगलं बोलतात त्यातलं फारसं काही उरणार नाही.

गेल्या महिन्यात बंगळूरच्या एका कॉलेजात मला बोलावलं होतं. विषय नेहमीचाच — शहरातले साप, ते ओळखायचे कसे, घरात निघाला तर करायचं काय. मी दिवसभर एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते आणि उरलेल्या वेळात साप सोडवायला जाते. अशी भाषणंही करते. भाषण संपलं, प्रश्न सुरू झाले आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. मॅम, तुमच्या इतक्या मोठ्या गुरूंना तोंडावर 'मला दिसत नाही' असं सांगताना तुम्हाला भीती नाही का वाटली? सगळा वर्ग माझ्याकडे कौतुकाने बघत होता. मी हसले. म्हटलं, भीती तर वाटतेच, पण सापाच्या बाबतीत खोटं बोलून चालत नाही.

टाळ्या पडल्या. मी घरी आले, पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि न जेवता पडून राहिले. कशासाठी, ते सांगायला मला जरा लांबून यावं लागेल. चालेल ना?

आमच्या या सापवाल्यांच्या जगात — म्हणजे साप सोडवणारे, त्यांचा अभ्यास करणारे, आणि घरात इग्वाना नाहीतर परदेशी अजगर पाळणारे हौशी, सगळे धरून — दोन तऱ्हेची मोठी माणसं असतात. एक, नागाला शेपटीने उचलून कॅमेऱ्यापुढे नाचवणारी. आणि दुसऱ्या आमच्या इंदूअक्का. घर मराठी, पण तीन पिढ्या बंगळुरात. त्यामुळे 'स्वल्प थांब' म्हणजे जरा थांब, 'सरी सरी' म्हणजे बरं बरं, असं कन्नड त्यांच्या मराठीत सहज मिसळलेलं. एका सरकारी प्रयोगशाळेत मोजमापाच्या यंत्रांवर जन्म गेला. लग्न केलं नाही. सापांचं शिक्षण कुठल्या पदवीचं नाही, सगळं डोळ्यांनी मिळवलेलं. बनशंकरीतल्या घरात साड्यांच्या जुन्या खोक्यांमध्ये सापांच्या काती ठेवलेल्या, प्रत्येकीला चिठ्ठी. विणकामाच्या सुईने कातीवरचे खवले मोजून त्या सांगायच्या की साप कुठला. चुकलेल्या मी पाहिल्या नाहीत. अजगर पाळणारी श्रीमंत पोरं आपलं जनावर जेवेनासं झालं की अक्कांकडेच यायची. आधी पाळल्याबद्दल खरपूस बोलणी खायची, मग उपाय घेऊन जायची.

पुण्याहून इथे आले तेव्हा नवऱ्याखेरीज मला या गावात कुणी नव्हतं. अक्कांच्या गच्चीवर रविवारचा वर्ग असे, तिथे ऑफिसातल्या एका मैत्रिणीबरोबर गेले आणि तिथलीच झाले. मला त्यांच्यासारखं व्हायचं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण मी त्यांच्यासारखी वेणी घालायला लागले होते, त्यांच्यासारखं कमरेवर हात ठेवून उभी राहत होते. नवरा चिडवायचा की आता आमच्या घरातही एक अक्का झाली.

अक्कांचा फोन नंबर अर्ध्या शहराकडे होता. इमारतींचे वॉचमन, शाळा, आनेकल-बोम्मसंद्राकडचे कारखाने. साप निघाला की लोक फोटो पाठवायचे, अक्का बघून नाव सांगायच्या आणि जवळचं कुणीतरी साप उचलायची आकडी आणि पिशवी घेऊन निघायचं. आणि त्यांचा एक नियम होता, आम्हा सगळ्यांना पाठ. फोटोत डोकं नाहीतर शेपूट स्पष्ट दिसल्याशिवाय नाव सांगायचं नाही. काही दिसत नसेल तर 'दिसत नाही' म्हणायचं आणि साप विषारी आहे असं धरून सगळ्यांना लांब ठेवायचं.

हा नियम झाला तो मुख्यतः दोन सापांपायी. घोणस आणि डुरक्या घोणस. नावावरून भावंडं वाटतील, पण घोणस जहाल विषारी आणि डुरक्या अगदी गरीब, मातीत तोंड खुपसून पडलेला. इथले लोक त्याला मण्णुमुक्क म्हणतात. घोणशीच्या अंगावर गोल ठिपक्यांच्या साखळ्या, मान बारीक, शेपूट निमुळतं. डुरक्याचे ठिपके वेडेवाकडे, एकात एक गेलेले, मान नसल्यासारखीच, आणि शेपूट तोडल्यासारखं आखूड. वाचायला सोपं वाटतं. पण वेटोळं घालून अर्धा साप कशाखाली गेलेला असला की भल्याभल्यांची फसगत होते.

तर — अक्कांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसरा डोळा आधीच अधू. डॉक्टरांनी बजावलं की आठवडाभर फोनकडे बघायचं नाही. त्या एकट्या राहणाऱ्या, म्हणून मी लॅपटॉप उचलून त्यांच्याकडे राहायला गेले. फोटो यायचे ते मी बघायचे आणि वर्णन करून सांगायचे. अक्का काळा चष्मा लावून खुर्चीत ताठ बसून ऐकायच्या, एकेक प्रश्न विचारायच्या आणि नाव सांगायच्या. आठवडाभर मी त्यांचे डोळे झाले होते. मला केवढा अभिमान वाटत होता, काय सांगू.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्यातले चार-पाच जण त्यांना भेटायला आले होते. तेवढ्यात एक फोटो आला. गवतातला काहीतरी हिरवट तुकडा. अक्कांनी विचारलं, खवले कसे? दिसत नाही म्हटलं. डोळा? दिसत नाही. पोटाचा रंग? मी पुन्हा म्हटलं, दिसत नाही. अक्का वैतागल्या. "दिसत नाही, दिसत नाही! फोटो मोठा करून बघ की गं. डोळे ऑफिसात ठेवून येतीस काय?" सगळे हसले. साधं हसणं होतं. मी फोटो मोठा केला तर खवले खरंच दिसत होते.

ते माझ्या मनाला लागलं. एवढंसं. तुम्हाला हसू येईल, मलाही आता येतं, पण रात्री अंथरुणावर मी तेच घोळवत होते — सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती? उद्यापासून 'दिसत नाही' म्हणायचंच नाही, असं मी ठरवलं. खरंच ठरवलं. बत्तीस वर्षांची बाई होते मी तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-साडेनऊला बोम्मसंद्राच्या एका कारखान्यातून सुपरवायझरचा फोटो आला. सामानाच्या खोलीत लाकडी फळ्यांच्या ढिगाशी साप. माझी ऑफिसची मीटिंग चालू होती. कानात एका बाजूने साहेब बोलत होते, दुसऱ्या बाजूने अक्का. फोटो अंधारा. जाड तपकिरी वेटोळी. डोकं एका पोत्याखाली गेलेलं.

अक्कांनी विचारलं, ठिपके सुटे की जोडलेले? मी म्हटलं, काही जोडलेले वाटतायत. मान? पोत्याखाली आहे. आणि मग त्यांनी विचारलं — शेपूट?

इथे आले की मला नेहमी थांबावंसं वाटतं. पाच वर्षं मी याच जागी येऊन मागे फिरले आहे. आज नाही फिरत.

मी म्हटलं, आखूड आहे. तोडल्यासारखं.

शेपूट दिसत नव्हतं. वेटोळ्याचं शेवटचं टोक एका फळीमागे गेलं होतं, आणि फळीच्या कडेशी ते कापल्यासारखं दिसत होतं. मला तसा भास झाला असेल का? हे मी स्वतःला कितीदा विचारलं आहे! झाला असता तर किती बरं झालं असतं. पण मला फळी दिसत होती. साप तिच्यामागे जातोय हे मला कळत होतं. फक्त 'दिसत नाही' म्हणायचं नव्हतं. आणि मीटिंगमध्ये कोणत्याही क्षणी माझं नाव घेतलं जाणार होतं.

"नक्की ना?" अक्कांनी विचारलं.

"नक्की."

"मग मण्णुमुक्क. सांग त्यांना, विष नाही, मारू नका, हात लावू नका, माणूस येतोय." मी तसंच लिहून पाठवलं आणि मीटिंगमध्ये बोलायला लागले.

त्या कारखान्यात पॅकिंगला मंजुनाथ नावाचा माणूस होता. अक्कांनी वर्षभरापूर्वी तिथे सापांची माहिती द्यायला कार्यक्रम केला होता, तो त्याने पहिल्या रांगेत बसून ऐकला होता. फोटो पाठवेपर्यंत बाकीच्यांनी लोखंडी गज हातात घेतले होते. मंजुनाथ म्हणाला, अक्का सांगतायत विष नाही, कशाला मारता? आणि सापाला वाचवायला म्हणून त्याने त्याला हाताने उचललं.

दोन तासांनी फोन आला. उजव्या हाताच्या बोटाला चावा, कोपरापर्यंत सूज, आणि डॉक्टर म्हणतायत घोणस. फोन मी स्पीकरवर लावला होता. अक्का खुर्चीतून उठल्या, पुन्हा बसल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "फोटो परत उघड गं. शेपूट स्वल्प नीट बघ."

सकाळी बोललेलं खोटं एक वेळ बाजूला ठेवू. घाईत, रागात, मूर्खपणाने माणूस बोलून जातो. पण आता? आता कसली घाई होती? खोलीत आम्ही दोघीच होतो. मी फोटो उघडला, मोठा केला, जणू पहिल्यांदाच बघते आहे असा. आणि म्हटलं —

"शेपूट दिसत नाहीये, अक्का. मी सकाळीही तेच म्हटलं होतं."

हा माझा गुन्हा. बाकी सगळं त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं.

अक्कांनी मान वळवली. काळ्या चष्म्यामुळे डोळे दिसले नाहीत. "म्हटलं होतंस?" मी हो म्हटलं. मग मला नाही, स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणाल्या, "मग मी मण्णुमुक्क कसं म्हटलं?"

त्यांनी माझ्यावर संशय घेतला असता तर! ओरडल्या असत्या, खोटं बोलतेस म्हणाल्या असत्या, तर बहुतेक मी रडत सगळं ओकले असते. पण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. माझ्यावर ठेवला, म्हणून स्वतःवरचा काढून घेतला. एवढी हुशार बाई, आणि तिला एकदाही वाटलं नाही की ही पोरगी खोटं बोलत असेल.

मंजुनाथ वाचला. मूत्रपिंडांवर परिणाम झाला होता, डायलिसिस करावं लागलं, तीन आठवडे दवाखान्यात होता. ते बोट आता वाकत नाही. डॉक्टरांनी बाहेर जायला मनाई केली असताना अक्का रोज चष्मा लावून रिक्षाने त्याला बघायला जायच्या, मी शहाळी घेऊन बरोबर. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याच्यापुढे हात जोडले. "नंदे तप्पु," म्हणाल्या. चूक माझीच आहे. सत्तरीच्या बाईने हात जोडलेले बघून तो बिचारा पडल्या पडल्या उठायला लागला, त्याची बायको रडायला लागली. मी पायथ्याशी उभी होते. दोन शब्द बोलायचे होते फक्त. मी शहाळ्यात स्ट्रॉ घातली.

मग अक्कांनी आमच्या ग्रुपवर आवाजी निरोप टाकला. तो माझ्या फोनमध्ये अजून आहे, मी पुन्हा कधी ऐकलेला नाही, पण शब्द पाठ आहेत. चूक माझी झाली. तिने मला शेपूट दिसत नाही म्हणून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. यापुढे फोटो माझ्याकडे नको, तिच्याकडे पाठवा. तिच्यावर भरवसा ठेवा.

लोकांना फोटो मिळालाच होता. जो बघेल तो म्हणायचा, अरे, यात काहीच दिसत नाही, अक्कांनी नाव सांगितलंच कसं? वय झालं, असं कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, मोठ्या लोकांना 'माहीत नाही' म्हणायला जड जातं. ज्यांनी आम्हाला तेच म्हणायला शिकवलं त्यांच्याबद्दल! आणि मी? मी त्यांची बाजू घेतली. आजारी होत्या, समजून घ्या, असं मी सगळ्यांना सांगत फिरले. त्यामुळे माझ्या मोठ्या मनाचंही कौतुक झालं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. नंबर माझ्याकडे आला. नवीन लोकांना शिकवताना ही गोष्ट उदाहरण म्हणून सांगतात — खुद्द अक्कांसमोर जी 'दिसत नाही' म्हणाली, ती ही. पोरी माझ्याबरोबर फोटो काढून घेतात. कुणी कुणी माझ्यासारखं कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात, ते मला बघवत नाही. मंजुनाथ आता त्याच कारखान्यात गेटवर असतो. मी गेले की धावत येतो, ताठ बोटाच्या हाताने सलाम करतो आणि म्हणतो, मॅडम, अक्कांनी त्या दिवशी तुमचं ऐकलं असतं तर.

त्यानंतर मी कधी फोटोत न दिसलेलं दिसलं म्हणून सांगितलं नाही. माझ्या हातून एकही नाव चुकलेलं नाही. याचं मला बरं वाटावं अशी फार इच्छा आहे, पण वाटत नाही.

अक्का मात्र बदलल्या. ऑपरेशन उत्तम झालं, पुढे दुसऱ्या डोळ्याचंही झालं, दोन्ही डोळे स्वच्छ झाले, पण आपलं डोकं आपल्याला फसवतं हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं. गॅस बंद केला की चिठ्ठी लिहून ओट्यावर ठेवायला लागल्या. कुलूप लावलं का म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत यायच्या. विसरण्याच्या आजाराची तपासणी करून घेतली, मीच घेऊन गेले होते. डॉक्टर म्हणाले, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. बाहेर आल्यावर अक्का म्हणाल्या, त्यांना काय ठाऊक मी काय केलं ते. कातींची खोकी त्यांनी एका संस्थेला देऊन टाकली. रविवारचा वर्ग बंद झाला. साप ओळखणं हे त्या बाईचं सगळं आयुष्य होतं, आणि ते मी एका वाक्यात काढून घेतलं.

या उन्हाळ्यात एका दुपारी त्यांचा फोन आला. अंगणात पाण्याच्या संपाजवळ साप आहे, येतीस काय? मी गेले. अक्का व्हरांड्याच्या पायरीवर उभ्या होत्या. संपाच्या, म्हणजे जमिनीतल्या टाकीच्या, झाकणावर चांगली सहा-सात फुटी धामण ऊन खात पडली होती — डोक्यापासून शेपटीपर्यंत सबंध, लख्ख उजेडात. पहिल्या दिवशी वर्गाला आलेलं पोरही ओळखेल अशी.

"काय आहे गं ते?" अक्कांनी विचारलं.

मी म्हटलं, तुम्हीच सांगा ना.

"मला धामण वाटते," त्या म्हणाल्या. "पण मला वाटून काय उपयोग? तू सांग."

आता सांगावं, असं मला वाटलं. त्याच क्षणी, तिथेच. ऊन होतं, दुसरं कुणी नव्हतं, आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "धामण आहे, अक्का."

"सरी," त्या म्हणाल्या. "तू म्हणतीस तर असेल." आणि मग कुठे त्यांनी पायरी उतरून खाली पाऊल टाकलं. नंतर त्यांनी कॉफी केली, मी प्यायले आणि घरी आले.

शेवटचं एक सांगायचं राहिलं. अक्का आमच्याशी मराठीत बोलतात, पण त्यांची शाळा कन्नड, नोकरी इंग्रजीतली. छापलेलं मराठी त्या अक्षरं लावत दोन ओळी वाचतात आणि कंटाळून बाजूला ठेवतात. आमच्या मंडळींपैकी मंजुनाथला मराठी येत नाही, त्या कॉलेजातल्या मुलीला येत नाही, ग्रुपवरच्या बहुतेकांना येत नाही. मला इंग्रजीत लिहिता आलं असतं, रोज लिहितेच. मी हे मराठीत लिहिलं आहे.